केवड्याच्या अक्षता

पेंट शॉपमध्ये अकरा वर्षं काढलेल्या माणसाला तांदूळ रंगवणं म्हणजे डाव्या हाताचा मळ, असं स्वानंदने बायकोला ऐकवलं. महाळुंग्याच्या ज्या कारखान्यात तो कामाला होता, तिथे रोज शेकडो बंपर त्याच्या नजरेखालून जायचे. पांढऱ्यातले चौदा पांढरे तो लांबून ओळखायचा. त्याच्यापुढे पाच किलो जाड्या तांदळाची काय कथा!

निमित्त त्याच्या लेकीच्या, म्हणजे पूर्वीच्या, प्लेग्रुपचं होतं. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडताना प्रत्येक मुलाने सणाचा एक खेळ घरून न्यायचा होता. बाईंचा मेसेज असा होता : 'मुलांना हात घालून खेळता येईल असं काहीतरी करा. रंगीत आणि सुवासिक. वास मुलाच्या आवडीचा हवा. शक्यतो बाबांनी करावं.'

'शक्यतो बाबांनी' या दोन शब्दांपाशी स्वानंद अडकून बसला. कारण लेक त्याला काका म्हणायची.

तिचं तरी काय चुकत होतं? पोर अडीच वर्षांची. गेले सात महिने हा सेकंड शिफ्टला. हा घरी यायचा तेव्हा ती झोपलेली, ती प्लेग्रुपला जायची तेव्हा हा झोपलेला, आणि रविवारी ओव्हरटाइम. कंपनी ऐन दिवाळीतही चालू राहिली, त्याच्या बदल्यात आता तुळशीच्या लग्नाच्या सुमाराला चार दिवस सुट्टी मिळाली होती. पहिल्याच दिवशी तो पूर्वीसमोर मांडी घालून बसला, तर तिने आजीला विचारलं, "हे काका कधी जाणार?"

दुपारी झोपायच्या वेळी तिने "बाबा पाहिजे" म्हणून गळा काढला. "अगं, हा काय बाबा," म्हणत सगळ्यांनी स्वानंदकडे बोट दाखवलं, तशी ती आणखी मोठ्यांदा रडली. असं सलग तीन दुपारी झालं. घरात बसलेल्या बापासमोर पोरगी बापासाठी रडते, याला काय म्हणावं ते त्याला कळेना. त्याला मनापासून वाईट वाटलं.

आता चौथा दिवस. उद्यापासून पुन्हा शिफ्ट. म्हणजे जी काही आशा होती ती तांदळावर होती. डोळे मिटले की त्याला चित्र दिसायचं : मोठी परात, परातीत इंद्रधनुष्य, पूर्वीचे इवलेसे हात कोपरापर्यंत तांदळात बुडालेले, आणि घरभर सुगंध. मग ती मान वर करून म्हणायची, "बाबा, अजून." या 'अजून'पाशी तो दरवेळी थोडा वेळ थांबायचा.

दुपारी बायको, अनुया, पूर्वीला घेऊन काळेवाडीला माहेरी गेली. आई, म्हणजे शैलाताई, खाली पार्किंगमध्ये तुळशीच्या लग्नाचा मांडव सजवायला गेल्या. सोसायटीचं लग्न संध्याकाळी होतं. घर मोकळं मिळालं. स्वानंदने तांदळाचे पाच ढीग केले, खाण्याचे रंग आणि थोडं व्हिनेगर चोळलं, पंख्याखाली वर्तमानपत्रावर पसरून वाळवले. लाल, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. एकही दाणा डागाळलेला नाही!

मग सुगंध. त्याने केवड्याच्या इसेन्सचे चार थेंब टाकले, कालवलं, ओंजळ नाकाशी नेली. काही नाही. आणखी दहा टाकले. काहीच नाही. "भेसळ करतात हल्ली," असं म्हणून त्याने अर्धी बाटली ओतली.

भेसळ बाटलीत नव्हती. अकरा वर्षं थिनर हुंगून त्याच्या नाकाने केव्हाच राजीनामा दिला होता. पण हे त्याला सांगणार कोण? पेंट शॉपमधल्या सगळ्यांचीच नाकं तशी.

बाटली संपली. गुलाबाची फोडली. तेवढ्यात दारात तळमजल्यावरचे दौलतराव उभे राहिले. ते सोसायटीचे सेक्रेटरी, मूळचे बीडकडचे, फाउंड्रीतून रिटायर झालेले, आणि आवाज अजून फाउंड्रीतलाच.

"स्वानंदराव, हे कशाचा वास यायलाय हो?" पण आवाज आज भलताच मऊ होता.

"येतोय ना? मला वाटलं कमी पडला."

"कमी?" दौलतराव सोफ्यावर टेकले आणि त्यांनी डोळे मिटले. "आमच्याकडं उरसाला अत्तरवाला यायचा. कानात फाया घालायचा फुकट. मी सहावीत होतो. दिवसभर नुसतं हिंडत राहायचो बघा, वाऱ्यावर."

पाच मिनिटं ते तसेच बसले. मग उठले, "कशाला आलतो मी?" असं स्वतःलाच विचारलं आणि उत्तराची वाट न बघता तरंगत गेले. स्वानंदला वाटलं, माणूस एवढा खूश झाला म्हणजे आपण बरोबर वाटेवर आहोत. त्याने गुलाबाचीही बाटली संपवली आणि वर खस ओतला.

त्या दुपारी जिन्यात अजब प्रकार चालले होते. कुरिअरवाला तिसऱ्या मजल्यावर पार्सल छातीशी धरून उभा राहिला, कुणाचं ते विसरून गेला. गेटवरचे वॉचमन चिमाजी खुर्चीत बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून लाजत होते. कुणी विचारलं तर म्हणत, "माझ्या लग्नात असाच वास हुता. व्हय, असाच." लिफ्टमध्ये दोन जण वरखाली करत राहिले, कारण उतरायची कुणालाच घाई नव्हती. ऊनसुद्धा जिन्याच्या पायऱ्यांवर पाय पसरून बसलेलं.

स्वानंदने पाची रंग परातीत मांडले आणि समोरच्या सोफ्यावर जरा टेकला. पुन्हा तेच चित्र आलं. परात, इवले हात, "बाबा, अजून." त्याचा डोळा लागला.

जाग आली ती मंगलाष्टकांनी. उठून बघतो तर परात गायब!

तो अनवाणीच खाली धावला. मांडवात सोसायटी गोळा झालेली, मधे उसाच्या खोपटीत तुळस, शेजारी बाळकृष्ण, आणि प्रत्येकाच्या मुठीत त्याचे तांदूळ. शैलाताई परात कमरेवर धरून वाटत फिरत होत्या.

"आई, हे काय केलंस?"

"मी काय केलं? दौलतरावांच्या रुक्मिणीबाईंनी अक्षता मागितल्या, मी वर आले तर तू झोपलेला, परात तयार. म्हटलं, न सांगता केल्यास, गुणाचा माझा पोरगा. पण निळ्या नि हिरव्या कशाला रे?"

"आई, तो पूर्वीचा खेळ होता."

"अग बाई," शैलाताई म्हणाल्या, पण तोवर 'सावधान' झालं आणि इंद्रधनुष्य तुळशीवर कोसळलं.

वास आता मोकळा सुटला. गुरुजींनी तिसरं मंगलाष्टक दोनदा म्हटलं, मग सूर लांबवता लांबवता थांबले आणि मांडवाच्या छताकडे बघत हसले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "माफ करा मंडळी, कुठवर आलो होतो?" कुणालाच आठवेना. पहिल्यापासून सुरू केलं. दौलतरावांच्या पांढऱ्या सदऱ्यावर घामाने निळे-जांभळे ठिपके उमटले होते, त्यांना पत्ता नव्हता. चाळीस वर्षांच्या संसारात चारचौघांत नवऱ्याच्या शेजारी न बसलेल्या रुक्मिणीबाई त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून मंगलाष्टकं ऐकत होत्या. तुळशीचं त्या दिवशी तीनदा लग्न लागलं. तिन्ही वेळा तांदूळ उडाले.

सोसायटीतली सगळी पिल्लं फरशीवर बसून तांदूळ ओंजळीत भरत होती, एकमेकांच्या डोक्यावर ओतत होती. स्वानंद बघत राहिला. अगदी त्याच्या मनातलं चित्र. फक्त मुलं दुसऱ्यांची.

तेवढ्यात अनुयाची स्कूटर आत आली. पूर्वी उतरली आणि तांदूळ बघून थबकली. स्वानंद गुडघ्यांवर बसला, उरलेसुरले पाची रंग ओंजळीत गोळा करून त्याने तिच्यापुढे धरले. "पूर्वी, हे बाबाने केलं तुझ्यासाठी."

पूर्वी वाकली. हुंगलं. तीनदा शिंकली. मग नाक दाबून म्हणाली, "काका, शी." आणि दुपारची झोप राहिलेली असल्यामुळे तिने तिथेच भोकाड पसरलं, "बाबा पाहिजे!"

"अगं, हा काय बाबा!" अख्ख्या सोसायटीने एका दमात बोट दाखवलं. गुरुजींनीसुद्धा.

ती जी रडायला लागली ती थांबेना. अनुयाने उचललं, आजीने समजावलं, चिमाजींनी शिट्टी वाजवून दाखवली. स्वानंद ओंजळ तशीच धरून बसून होता. उद्यापासून शिफ्ट.

"गारठा पडलाय, आणि हा नुसत्या बनियनवर," असं पुटपुटत शैलाताई वर गेल्या आणि त्याचं कंपनीचं जुनं जर्किन घेऊन आल्या. त्याने यंत्रासारखे हात घातले.

पूर्वीचं रडणं मधेच तुटलं. ती आईच्या कडेवरून खाली घसरली, चालत आली आणि जर्किनच्या बाहीत नाक खुपसून उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली.

अनुयाने सासूकडे पाहिलं. "आई, हे काय?"

"काय म्हणजे? दुपारी तू ऑफिसात असतेस. ही झोपत नाही. मग मी ते जर्किन पांघरते अंगावर, म्हणते हा बघ बाबा आला. लगेच झोपते."

"मग हे चार दिवस कुठे होतं ते?"

"दिवाणात. खरा घरात असताना जर्किन कशाला?" शैलाताई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीने यात विचारण्यासारखं काहीच नव्हतं.

स्वानंदला हसावं की रडावं कळेना. पूर्वीने बाही ओढून पाहिली. बाबा निघेना. तिने मान वर केली.

"काका, माझा बाबा दे ना."

"देतो," स्वानंद म्हणाला. "पण आत मी पण आहे. मी राहिलो तर चालेल?"

पूर्वीने विचार केला. त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग बाहीकडे.

"चालेल," ती म्हणाली. "पण काका, बोलू नको."

ती त्याच्या छातीवर चढली, जर्किनच्या चेनशी नाक नेलं आणि झोपली. दौलतराव तीनदा विचारून गेले, पंचामृत घेता का? स्वानंदने तिन्ही वेळा नुसती मान हलवली. सगळे पांगल्यावर त्याने हळूच कॉलर नाकाशी धरली आणि खोल श्वास घेतला. काही नाही. एवढा छान वास, आणि घरात फक्त त्यालाच येत नव्हता.