गाळाला कारणे दाखवा नोटीस

मुलांनो, डोळ्यांसमोर आणा, अख्ख्या गावाचं सांडपाणी एका हौदात आलंय. त्यात तुरटी टाकायची, एकदा जोरात घुसळायचं आणि मग तान्ह्या बाळाचा पाळणा हलवावा इतकं हळू ढवळत राहायचं. गाळाचे बारीक कण एकमेकांना धरतात, कापसासारखे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. घाई केली की पुंजके फुटलेच! नऊ वर्षांच्या रीहामला हे पाठ होतं. तिची आई नज्वा कफ्र सफ्सफ गावच्या सांडपाणी केंद्रात रसायनतज्ज्ञ होती आणि तिथून सुटणाऱ्या पाण्यावर आजोबांची मुलूखियाची पालेभाजी वाढत होती.

एके दिवशी संचालक शौकतबे पाहणीला आले.

"हे ढवळायचं पातं असं रेंगाळतंय का?"

"साहेब, ते हळूच फिरायला हवं."

"सरकारी केंद्र आहे बाई, हमाम नव्हे! उद्या गव्हर्नर आले तर म्हणतील, इथली यंत्रंसुद्धा डुलक्या काढतात."

लगेच कार्यगतिवृद्धीचा आदेश निघाला. पात्याचा वेग तिप्पट झाला आणि पाणी गढुळलं. उपाय म्हणून तुरटी दुप्पट केली. तरीही गढूळच, म्हणून समिती नेमली. समितीने सखोल अभ्यासाअंती निष्कर्ष काढला की गाळ प्रशासनाला सहकार्य करत नाही. त्याला कारणे दाखवा नोटीस बजावून ती हौदाच्या भिंतीवर चिकटवण्यात आली. मुदतीत खुलासा आला नाही, म्हणून वेग पाचपट झाला.

तिकडे आजोबांच्या वाफ्यांवर राखाडी थर चढला.

"पोरी, ही भाजी शिजवू की भिंतीला लिंपू?" त्यांनी नज्वाला विचारलं.

नज्वाने पात्याचा वेग कमी करण्याचा अर्ज लिहिला. शौकतबे म्हणाले, "चहा होऊ दे, मग बघतो." शाळेला सुट्टी होती, म्हणून आईबरोबर आलेल्या रीहामनेच चहा आणला. पेल्यात चहाची पूड, वर उकळतं पाणी, बिनसाखरेचा. तिने चमचा उचलताच साहेब ओरडले,

"ए, ए, ढवळू नकोस! पूड खाली बसू दे. चहाला घाई केली की सगळा गढूळ होतो, एवढंही कळत नाही?"

एवढं बोलून त्यांनी नज्वाचा अर्ज बाजूला सारला आणि दसपट वेगाच्या नव्या आदेशावर सही करायला पेन उघडलं. खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हसू नका, तुम्हीआम्ही तिथे असतो तर आपल्याही डोलल्या असत्या.

रीहामने चमचा साहेबांच्या पेल्यात घातला आणि नव्या आदेशाबरहुकूम गरागरा फिरवायला सुरुवात केली.