मॉडेल अठ्ठेचाळीसचा छडा

"नेब्रास्कात डोळे असलेली माणसं पुष्कळ आहेत. नजर असलेला मी एकटा," असं व्हर्लिन हॉकर्समिथ स्वतःबद्दल सांगत असे, आणि तेही कुणी विचारलेलं नसताना. एकतीस वर्षं त्याने गावातले पाण्याचे मीटर वाचले होते. त्यामुळे निवृत्त झाल्यावर आपल्याला आता जगातलं काहीही वाचता येतं, अशी त्याची खात्री झाली होती. खिशात कार्डं असत. त्यांवर छापलेलं: ‘व्ही. हॉकर्समिथ. जुन्या पेट्रोलपंपांच्या सुट्या भागांचे गुप्तहेर. हरवलेलं शोधून मिळेल.’ आणि खाली बारीक अक्षरात: ‘न हरवलेलंही.’

त्याचा मेहुणा एमेट याला ही बारीक अक्षरंच जास्त खरी वाटत. एमेट हा त्याचा मदतनीस. पगार नाही, रजा नाही, आणि व्हर्लिनची बहीण लव्हॉन ही बायको असल्यामुळे राजीनाम्याचीही सोय नाही. मागच्या वर्षी एका पंपाची मूळ पितळी तोटी शोधायला दोघांनी अकरा महिने, पाच राज्यं आणि दोन टायर घालवले. शेवटी ती सापडली एमेटच्याच शेडमध्ये. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून खाली अडकवलेली.

"पाच राज्यांतून हुसकावत मी तिला इथवर आणली," व्हर्लिन म्हणाला होता.

तर अशा माणसाच्या हाती इर्माबाई वोसिकांनी आपल्या वडिलांचा पंप दिला.

पंप खानदानी होता. एकोणीसशे चोवीस सालचा, उंच, डोक्यावर काचेचं भलंमोठं नळकांडं. बाजूचा दांडा हलवून आधी पेट्रोल वर काचेत चढवायचं, गिऱ्हाइकाने ते डोळ्यांनी पाहायचं आणि मग ते नळीतून मोटारीत सोडायचं. वोसिकांचा पंप गावाच्या टोकाला होता. पुढे हमरस्ता दुसरीकडून गेला आणि पंप शेडमध्ये गेला. तिथे चिमण्यांनी त्यात सत्तर वर्षं संसार केला.

इर्माबाईंचं वय एक्याण्णव, आवाज पंचविशीतला. त्यांनी अट घातली ती अशी:

"पपांच्या वेळी होता तसा झाला पाहिजे. हुबेहूब. जत्रेच्या शनिवारी मी बघेन. मी ओळखला तर पंप गावाचा, चौकात उभा करा. नाही ओळखला तर ट्रॉय घेऊन जाईल."

ट्रॉय म्हणजे ओमाहातला भाचा. त्याला पंपाच्या काचेत बिअर भरायची होती आणि नळीतून पाहुण्यांना पाजायची होती. हे ऐकून व्हर्लिन दोन रात्री जेवला नाही. तिसऱ्या रात्री जेवला, पण मान हलवत.

रंग मिळाला, नळी मिळाली, काचसुद्धा कॅन्ससमधून मांडीवर घेऊन आणली. सगळं सुरळीत चाललं होतं आणि तिथेच घात झाला. जिल्ह्याच्या संग्रहालयातल्या एका खोक्यात व्हर्लिनला एक फोटो सापडला. मागे पेन्सिलने लिहिलेलं: ‘वोसिका पंप, १९३६.’ कोठाराचं काळं दार, त्यापुढे पंप, माणूस एकही नाही. आणि पंपाच्या डाव्या अंगाला, कमरेच्या थोडं खाली, एक पांढरीशुभ्र गोल वस्तू.

"एमेट," व्हर्लिन भिंगातून डोळा न काढता म्हणाला, "हा भाग जगातल्या कुठल्याही कॅटलॉगमध्ये नाही."

"तू सगळे बघितलेस?"

"एकही नाही. पण मला वाटतंय तसं."

पुढचे तीन आठवडे त्याने सगळे बघितले, आणि खरोखरच तो भाग कशातच नव्हता. भिंगाखाली मात्र दोन गोष्टी स्वच्छ दिसल्या. वस्तूच्या कडेने बारीक खुणा होत्या, मोजून बावीस. "रिव्हेट," व्हर्लिन म्हणाला. आणि मधोमध पुसटसा आकडा होता: ४८.

"दारू!" व्हर्लिनने पहिल्या दिवशी जाहीर केलं. "दारूबंदीच्या काळातली चोरतोटी. अठ्ठेचाळीस म्हणजे दारूचा कडकपणा."

"छत्तीस सालचा फोटो आहे. दारूबंदी उठून तीन वर्षं झाली होती."

"म्हणूनच ती उघडपणे लावलीय. डोकं चालव."

दुसऱ्या आठवड्यात दारू मागे पडली आणि सरकार पुढे आलं. तेव्हा देशात राज्यं अठ्ठेचाळीस होती, म्हणजे हा वॉशिंग्टनहून आलेला गुप्त शिक्का. मग एमेटने भीत भीत विचारलं, की वोसिकांच्या पंपात वॉशिंग्टनला एवढं काय गुप्त ठेवायचं होतं? यावर व्हर्लिनने भिंग खाली ठेवलं. म्हणाला, "तेच तर आपल्याला कधी कळू दिलं नाही."

तिसऱ्या आठवड्यात त्याने देशभरातल्या नऊ पंपशौकिनांना पत्रं पाठवली. आता या मंडळींचा एक धर्म आहे. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य ते मरतानाही उच्चारत नाहीत. ओहायोच्या गृहस्थांनी कळवलं, की सुरुवातीच्या पंपांवर ही चकती असे, पण उजवीकडे. इंडियानाच्या गृहस्थांनी कळवलं, की उजवीकडची नक्कल असते, अस्सल डावीकडेच. टल्साहून विचारणा आली, की एखादी जादा असल्यास विकणार का?

"झालं सिद्ध!" व्हर्लिन टेबलावर मूठ आपटून म्हणाला. "पंप बनवणाऱ्या हार्टवेल कंपनीचं मॉडेल अठ्ठेचाळीस. गाळ काढायचं झाकण!"

एमेटने हळूच सुचवलं, "इर्माबाईंना फोटो दाखवू या का? त्या तिथेच वाढल्या. चार घरं सोडून तर राहतात."

व्हर्लिनने फोटो छातीशी धरला. "साक्षीदाराला पुरावा दाखवायचा? दुधात लिंबू पिळतोस, एमेट. साक्ष नासते. शिवाय बाई एकदा बोलायला लागल्या की कापणीचा हंगाम निघून जातो."

त्यातल्या दुसऱ्या मुद्द्यात तथ्य होतं, म्हणून एमेटने विषय सोडला.

व्हर्लिनने लाकडाचा साचा केला. फाउंड्रीवाल्याने "हे काय आहे?" विचारल्यावर त्याला कार्ड दिलं. चकती ओतून आली. बिडाची, मधे किंचित फुगीर, पांढऱ्या एनॅमलची, बावीस रिव्हेट आणि काळ्या आकड्यात ४८. वजन चोवीस पौंड. ती बसवायला पंपाच्या अस्सल पत्र्याला चार भोकं पाडावी लागणार होती. शंभर वर्षांच्या पत्र्याला गिरमिट टेकवून व्हर्लिनने ते पुन्हा उचललं. तेवढ्यापुरता तो गुप्तहेर राहिला नाही, नुसता म्हातारा माणूस झाला.

"चुकलो तर पंप गेला, एमेट," तो हळू आवाजात म्हणाला.

"मग नको पाडूस."

"पण मी चुकत नाही," असं म्हणून त्याने भोकं पाडली. एमेट खाली उताणा पडून चोवीस पौंड पोटावर पेलत होता.

जत्रेच्या शनिवारी ऊन असं होतं, की मक्याच्या शेतातून भाजल्याचा वास यावा. गोधड्यांच्या स्पर्धेच्या तंबूशेजारी पंप चादरीखाली उभा होता. इर्माबाई काठी टेकत आल्या. हातात कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेला गोड पाव, अर्धा खाल्लेला. मागे ट्रॉय, आणि त्याच्या मागे ट्रॉयचा पिकअप, दोर काढून तयार.

चादर निघाली. लाल रंग, चकचकीत काच, पितळी तोटी. इर्माबाईंनी कोलाचे एमेटच्या हातात दिला आणि पंपावरून हात फिरवला. दांड्यावरून, नळीवरून, काचेच्या कड्यावरून. मग हात चकतीवर आला आणि थांबला.

"हे झाकण कसलं?"

"मॉडेल अठ्ठेचाळीस!" व्हर्लिन खाकरला. "बाई, आपल्या पंपाचं हे सर्वांत दुर्मीळ—"

"हे नव्हतं."

"आठवण माणसाला दगा देते, बाई. पुरावा देत नाही." आणि अखेर, तीन महिन्यांत पहिल्यांदा, त्याने पाकिटातून फोटो बाहेर काढला.

तो इर्माबाईंच्या हातात जाण्याआधी लव्हॉनने मधेच घेतला. ती गोधड्यांच्या तंबूतून बक्षीस घेऊन बाहेर येत होती. चाळीस वर्षं गोधड्या शिवणारी बाई. तिने फोटो एकदा हाताभर लांब धरला आणि विचारलं, "हे विजारीचं ठिगळ कुणाचं?"

"कसलं ठिगळ? बावीस रिव्हेट आहेत!"

"टाके आहेत ते, व्हर्लिन. आणि घाईत घातलेत. पिठाच्या पोत्याचं कापड आहे. अठ्ठेचाळीस पौंडाचं पोतं यायचं, आकडा धुऊन जायचा नाही. आमच्या आजीच्या उशीवर होता. काळ्या दारासमोर काळी विजार, म्हणून नुसतं ठिगळ दिसतंय." तिने नखाने दाखवलं. "पंपाआड कुणीतरी ओणवं झालंय. ही बघ टाच."

लांब कुठेतरी लिलावातली डुकरं तेवढी ओरडत होती.

व्हर्लिनने घसा साफ केला. "या प्रकरणात माणसाचा हात आहे, असं मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"हात नाही, व्हर्लिन," लव्हॉन म्हणाली.

तेवढ्यात इर्माबाईंनी फोटो घेतला. चष्मा वर केला, फोटो नाकाला लावला. त्यांचे खांदे हलायला लागले. एमेटला वाटलं, रडतायत. जवळ जाऊन पाहिलं तर हसत होत्या, आणि मग दोन्ही एकदम.

"पपा," त्या म्हणाल्या. "माझे पपा! अरे, त्यांचा जगात एक फोटो नाही. कॅमेरा दिसला की यांचं हटकून काहीतरी जमिनीवर पडायचं आणि हे शोधायला वाकायचे. लग्नाच्या फोटोत आई आहे आणि शेजारी रिकामी खुर्ची! आई म्हणायची, ‘यांना धरून ठेवणारा फोटोवाला जन्मायचाय.’ सापडले एकदाचे!"

ट्रॉय मात्र हिशोबी माणूस. "आत्या, म्हणजे हे झाकण खोटं. पंप हुबेहूब नाही. तूच म्हणाली होतीस."

हे खरं होतं. व्हर्लिनच्या तोंडावरचा रंग पंपाच्या पायाशी उतरला. त्याने काही सबब सांगितली नाही, आणि ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ. खिशातून पाना काढला, गुडघ्यावर बसला आणि खालच्या बोल्टला लावला. "भोकं बुजवता येणार नाहीत, बाई," तो मान खाली घालून म्हणाला. "मी पाडली. ट्रॉयला सांगा, बिअर गळेल."

"हात काढ तिथून!" इर्माबाईंची काठी पान्यावर बसली. "मला शाळेतून येताना वळणावरून पहिल्यांदा काय दिसायचं ठाऊक आहे? हा दांडा, ही काच, आणि बाजूला हे अठ्ठेचाळीस. दिवसभर वाकलेले असायचे बिचारे. ते दिसलं की कळायचं, पपा घरी आहेत. ट्रॉय, तुझी गाडी काढ. पंप चौकात जाईल."

ट्रॉयने दोर गुंडाळले. व्हर्लिन हळूहळू उठला, कपडे झटकले आणि एमेटच्या कानाशी म्हणाला, "बघितलंस? मी चुकत नाही."

"एक चुकलंयस," इर्माबाई म्हणाल्या. त्या वळणावरून पाहावं तशा चार पावलं मागे सरकल्या होत्या आणि एक डोळा मिटून पाहत होत्या. "फार उंच बसवलंस. पपा बुटके होते. चार इंच खाली घे."

एमेटने निमूटपणे बाईंचा कोलाचे लव्हॉनकडे दिला आणि पंपाखाली उताणा पडला. व्हर्लिनने खिशातून मोजपट्टी काढली, वही उघडली आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं,

"बूट घालून, बाई, की अनवाणी?"