कुरडयांचा स्वतंत्र कारभार

“आपला माल, आपला बाजार आणि आपलाच निर्णय!” असे आरशाला ठणकावून सांगून अनंतरावांनी दाढीचा साबण पुसला. संध्याकाळी मराठी मंडळात वादविवाद होता. देशाने व्यापारी गटातून बाहेर पडावे का, हा विषय. रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले अनंतराव बाहेर पडण्याच्या बाजूने बोलणार होते, आणि इंग्लंड युरोपच्या गटातून निघाले ते आपल्यालाच विचारून, अशा थाटात ते आठवडाभर घरात वावरत होते. विरुद्ध बाजूला होत्या शेजारच्या अंजनाबाई. त्या निवृत्त शिक्षिका, त्यामुळे समोरच्याला बाकावर उभे करण्याची सवय अजून गेलेली नव्हती.

तेवढ्यात मंदाकिनीबाई अंगणातून आल्या आणि पदर खोचत म्हणाल्या, “अजी, मी बी निघाली.”

“कुठं?”

“कुठं नाई. कुरडयाच्या गटातून निघाली. अंजनाबाईले तोंडावर सांगून आली.”

ब्राह्मणपारा या मोहल्ल्यातल्या त्यांच्या गल्लीत उन्हाळा लागला की चार घरच्या बायका मिळून कुरडया घालत. गहू ज्याचा त्याचा, हात मात्र सगळ्यांचे. गटाच्या म्होरक्या अर्थातच अंजनाबाई.

“पण काहून?”

“त्या म्हणे, भाऊजीचं भाषण म्हणजे नुसती हवा. मी म्हटलं, माह्या नवऱ्याच्या भाषणाले हवा म्हणता, त मले तुमच्या गटात राहाचंच नाई. आपला माल, आपला निर्णय!”

अनंतरावांची छाती फुगली. आपले म्हणणे ऐकून बायकोने काही केल्याची, उभ्या संसारातली ही पहिलीच वेळ. त्यांना अगदी भरून आले.

“शाब्बास! मोकळं मोकळं वाटून राहिलं का नाई?”

“वाटून त राहिलं. पण गव्हाचा चीक काढून ठेवला हाये. आज घातला नाई त आंबून जाईन. कुरडयाचा सोऱ्या अंजनाबाईचा. आन् गच्चीचा जिना बी त्यायच्याच व्हरांड्यातून जाते.”

या मुद्द्यावर अनंतरावांच्या भाषणात काही लिहिलेले नव्हते.

चीक शिजवताना सारखा ढवळावा लागतो आणि त्याला तरणे हात हवेत. म्हणून त्यांनी सून रुचिताला हाक मारली. रुचिताला मराठी सगळे समजे, उत्तर मात्र हिंदीत येई.

“पापाजी, मम्मीजी गट से निकल सकती हैं, तो मैं रसोई से क्यों नहीं निकल सकती? संडे मेरा है, निर्णय भी मेरा.”

“अवं, हा घरातला मामला हाये!”

“वो भी तो गली का ही था न?”

मुलगा अभिनव ताबडतोब बायकोच्या बाजूने झाला आणि दोघे स्कूटरवर बसून तेलीबांध्याच्या तलावाकडे निघूनही गेले. इंग्लंड बाहेर पडल्यावर स्कॉटलंडवाले कुरकुरू लागले, हे अनंतरावांनी वाचले होते. ते किरकोळ समजून त्यांनी भाषणातून गाळले होते.

मग अनंतराव स्वतःच ढवळायला बसले. मंदाकिनीबाईंनी बोट लावून पाहिले आणि त्या “झाला” म्हणाल्या. अनंतरावांनी काखेत घरातला चकलीचा पितळी सोऱ्या मारला, चिकाचे गरम भगुणे फडक्यात धरले आणि बायकोला मागे घेऊन ते जिन्याकडे निघाले. व्हरांड्यात अंजनाबाई चष्मा लावून खुर्चीत बसल्या होत्या.

“या भाऊजी. भगुण्यात काय हाये?”

“तुमाले माहीत नाई का?”

“कालपर्यंत विचारत नोती. आता तुमी बाहेरचे. बाहेरचा माल पाहा लागते.” त्यांनी झाकण उचलले, वास घेतला. “माल चांगला हाये. कुरडया कशावर घालता?”

“प्लास्टिकवर.”

“आमच्या गच्चीवर धुतलेलं सुती लुगडं लागते. प्लास्टिक चालत नाई.”

“हा नियम कोणी केला?”

“गटानं. मागच्या साली मंदाताईनंच सुचवला होता.”

अनंतरावांनी मागे पाहिले. मंदाकिनीबाई आकाशाकडे पाहत होत्या.

लुगडे शोधून आणेपर्यंत चीक थंड होऊन घट्ट बसला. अनंतरावांनी सगळे बळ लावून सोऱ्या दाबला. तळहातांना फोड आले, सोऱ्याची मूठ तुटली आणि जे बाहेर पडले त्याला कुरडई म्हणायला मंदाकिनीबाईंची जीभ रेटेना. गच्चीवर लाज नको म्हणून त्यांनी ते अंगणात खाटेवर वाळत घातले. गल्लीतली गाय आली, तिने दोन खाल्ल्या आणि तिसरी हुंगून सोडून दिली.

दुपारी भिंतीपलीकडून करपल्याचा वास आला. मंदाकिनीबाई ताडकन उठल्या.

“त्यायचा चीक खाली लागला!”

“लागू दे. आपण बाहेर हाओत.”

“हव,” म्हणत त्या खाली बसल्या. पण वास येत होता तोवर त्यांचा एक पाय चपलेतच होता.

संध्याकाळी मंडळाचे सभागृह भरले. फोडांमुळे अनंतरावांना कागद धरवेना, म्हणून ते तोंडीच बोलले, आणि खरे सांगायचे तर फार झकास बोलले.

“त्रास होते! इंग्लंडच्या व्यापाऱ्यायले आता सीमेवर कागद दाखवा लागतात, फळं तोडाले मजूर भेटत नाई. आपल्या देशानं बी पूर्वेकडच्या मोठ्या व्यापारी करारावर सही नाई केली. काहून? हात भाजला त भाजला, पण चाटू आपल्याच हातात पाहिजे!” त्यांनी दोन्ही तळवे वर केले. फोड पाहून टाळ्यांचा कडकडाट झाला.

मग अंजनाबाई उभ्या राहिल्या.

“जाणाऱ्याचं नुकसान सारेच मोजतात, मागं राहिलेल्याचं कोणी पाहत नाई. इंग्लंड गेलं, त युरोपचं बी मोठं गिऱ्हाईक गेलं. आमच्या गल्लीचंच घ्या. चीक शिजला का नाई, हे एकाच बाईले समजते. ते सकाळी निघून गेली आन् दुपारी आमचा सगळा चीक करपला. मी जिंदगीभर शाळेत शिकवलं, पण तिच्या बोटाले समजते ते मले आजवर समजत नाई.”

सगळ्यात मोठी टाळी पहिल्या रांगेतून आली. ती मंदाकिनीबाईंची होती. वादविवादाची ढाल अंजनाबाईंना मिळाली.

“तू कोणाकडून हायेस?” अनंतरावांनी दारात दबक्या आवाजात विचारले.

“माह्याकडून,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. भर सभेत आपले कौतुक झाले, तेही अंजनाबाईंच्या तोंडून, या अभिमानाने त्यांना आज जरा उंच झाल्यासारखे वाटत होते.

ढाल काखेत मारून अंजनाबाई जवळ आल्या. “मंदाताई, आमी नवा गहू भिजवून राहिलो. परत येता का?”

“परत? नाई जी. निघाली म्हणजे निघाली.” अनंतरावांची मान ताठ झाली. “पण करार करता येईन,” मंदाकिनीबाई पुढे म्हणाल्या.

मंडळाच्या पायरीवरच वाटाघाटी झाल्या. सोऱ्या अंजनाबाईंचा, गच्ची त्यांची, लुगड्याचा नियम कायम, आणि चीक झाला की नाही ते मंदाकिनीबाई सांगणार. म्हणजे सगळे पूर्वीचेच. फक्त एक कलम नवे आले. गटातल्या घरांचे काम आधी होणार, करारवाल्यांचे सगळ्यांच्या मागून.

घराकडे चालताना अनंतरावांनी कराराचा हिशेब मांडला.

“अवं, दरसाल पयल्या कुरडया आपल्या पडत होत्या. आता शेवटी पडतीन. यात आपल्याले भेटलं काय?”

मंदाकिनीबाई थांबल्या. एवढे मोठे भाषण करणाऱ्या माणसाला एवढी साधी गोष्ट समजू नये, याचे त्यांना खरोखर नवल वाटले.

“पयला नंबर त्यायनं देला होता,” त्या म्हणाल्या. “हा शेवटचा मी सोता घेतला.”