करंदीकर मावशींचा अर्जंट भोपळा

करंदीकर मावशींच्या घरी तुमचा फोन आला, तर तुम्हाला बोलायला तीन मिनिटं मिळत. पलीकडे कोण आहे, कोण आजारी आहे, कुणाचं लग्न मोडलंय, याच्याशी त्यांना कर्तव्य नसे. फोनशेजारी चावीचं घड्याळ असायचं. काटा तिसऱ्यांदा फिरून आला की मावशी खड्या आवाजात म्हणत, "तीन मिनिटं झाली," आणि तुमच्या खांद्यावरून हात घालून फोन ठेवून देत. येणाऱ्या फोनचं बिल पडत नाही, हे मी त्यांना एकदा नीट समजावून सांगितलं.

"बिलाचं कोण बोलतंय?" त्या म्हणाल्या. "लाईनवर आणखी माणसं थांबलेली असतात."

ही आणखी माणसं त्यांची त्यांनाच दिसत. मावशी एकतीस वर्षं टेलिफोन खात्यात ट्रंक कॉलच्या ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, हातात प्लग, सातारा जोड, सोलापूर तोड. मग यंत्रं आली, लोक आपापलं डायल करू लागले आणि मावशी घरी आल्या. लग्न केलेलं नव्हतं. सवयी तेवढ्या बरोबर आल्या.

धनकवडीतल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर राहत, मी दुसऱ्या मजल्यावर सात नंबरात भाड्यानं. माणसाला नावानं हाक मारणं त्यांना जमतच नसे. "अहो सात नंबर, तुमचा कॉल!" अशी आरोळी जिन्यातून वर यायची. पूर्वी सगळ्या इमारतीनं त्यांचाच नंबर पी. पी. म्हणून दिलेला होता. पी. पी. म्हणजे फोन शेजाऱ्याचा, बोलवून देण्याचे उपकारही त्याचेच. मग घरोघरी फोन आले. मी राहायला गेलो तेव्हा त्यांच्या पी. पी.वर एकटा मीच उरलो होतो. मावशींना स्वतःला कुणाचा फोन आल्याचं मी ऐकलं नव्हतं.

आपण बोलत असताना त्या हातभर अंतरावर मटार सोलत बसत. फोन ठेवला की म्हणत, "मी काही ऐकलं नाही. पण आईंना म्हणावं, गुडघ्याला एरंडेल चोळा."

आता माझं सांगतो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो, कारण वाशीमकडच्या खेड्यातून कंप्युटर सायन्सपर्यंत यायला काय लागतं ते मला माहीत आहे. एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, तेव्हा आईनं गावात पेढे वाटले. वर्ष झालं नाही तोच तिकडे अमेरिकेत मंदी आली आणि इकडे आमच्या कंपनीनं माणसं कमी केली. त्यात मी. घरी कळवलं नाही. पेढे परत कसे घेणार?

आई दर रविवारी गावातल्या किराणा दुकानातून फोन करायची. त्या रविवारी मी जिन्यातूनच हात हलवून मावशींना खूण केली, नाही म्हणून सांगा.

"सात नंबर उत्तर देत नाहीत," मावशी फोनवर म्हणाल्या. फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "एकतीस वर्षांत खोटा 'नो रिप्लाय' दिला नव्हता. आज दिला."

दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला दार वाजलं.

"अहो सात नंबर, तुम्ही शेतकऱ्याचे ना? माझ्या भोपळ्याला फळ धरत नाहीये. नुसती फुलं येतात आणि गळतात. यंदा एक तरी भोपळा मला पाहिजे."

आमच्याकडे लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात आणि ते उकिरड्यावर आपोआप येतं. त्याला कुणी विचारत नाही आणि तेही कुणाला विचारत नाही. शिवाय वेलाकडे बघायला लागू नये म्हणून तर मला शाळेत घातलं होतं. पण पदवीधर माणसानं 'माहीत नाही' कसं म्हणायचं? मी म्हणालो, "युरिया घाला." आणि स्वतःच्या हातानं चांगला ओंजळभर घातला.

पंधरा दिवसांत वेल ग्रिल चढून पहिल्या मजल्यावर गेला, तिथल्या दोरीवरच्या टॉवेलला विळखा घालून पुढे निघाला. पानं पत्रावळीएवढी. फळ एक नाही.

"डिग्री कशातली म्हणालात?" मावशींनी विचारलं.

"कंप्युटर सायन्स."

"वाटलंच. पानं छान आलीत. आता आईला विचारा."

"आईला कशाला?"

"मग कुणाला? कंप्युटरला?" त्यांनी रिसीव्हर उचललासुद्धा. "हॅलो, पुणे बोलतंय. सात नंबरांच्या आईंना बोलावून ठेवा. पंधरा मिनिटांनी परत लावते." किराणावाल्याला काय कळलं असेल कोण जाणे, पण पंधरा मिनिटांनी आई लाईनवर होती.

"शेंडा खुड लेका," आई म्हणाली. "खायाले लय भेटलं की येल माजते. फळाचं ध्यानच राह्यत नाही त्याले." हे वेलाबद्दल होतं की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही. "ड्युटी बरी हाये ना?"

"हो," मी म्हणालो.

"तीन मिनिटं झाली," मावशी म्हणाल्या. त्या नियमाचे मी पहिल्यांदाच आभार मानले.

शेंडा खुडला. वेलाला मादी फुलं आली, फुलामागे गोटीएवढा भोपळा घेऊनच. चार दिवसांत गोटी पिवळी पडायची आणि गळायची. सोसायटीनं डासांसाठी औषध मारलं होतं, त्यात मधमाश्या गेल्या होत्या. मावशी सकाळ-संध्याकाळ वर येऊन कळवत, "आणखी एक कट झाला." शेवटी पुन्हा फोन. आईनं सांगितलं, नर फूल तोडायचं, पाकळ्या काढायच्या आणि मादी फुलाच्या मधोमध टेकवायचं. "सकायीच कर. ऊन तापलं की फूल मिटते. अन् कोवळ्या फळाले बोट नको दाखवू, सडते."

झालं. दुसऱ्या दिवसापासून रोज साडेसहाला जिन्यातून आरोळी, "सात नंबर, अर्जंट कॉल!" मी पायजम्यात खाली. हातात नर फूल. वरच्या गॅलऱ्यांमधून दात घासणारे लोक बघतायत. एका कंप्युटर पदवीधराचं शिक्षण असं सत्कारणी लागताना त्यांनी पूर्वी बघितलं नसावं.

"दणकन नाही हो!" मावशी मागून. "प्लग अलगद बसवायचा असतो. हं. लागला?"

"मावशी, मला काय कळणार?"

"एवढं शिकून?"

आठवड्यानं दोन फळांनी जीव धरला. मावशींनी चारही बोटं मुडपून, मुठीनंच मला ती दाखवली. मग अर्थातच फोन. ही बातमी मीच द्यायला हवी, असा त्यांचा हट्ट.

"तूच टेकवतं का फुलं?" आईनं विचारलं.

"रोज."

"किती वाजता?"

"साडेसहा ते आठ."

"मंग तुह्या कंपनीची बस तं सातले येते म्हणत होता ना रे?"

मी घड्याळाकडे बघितलं. अजून दीड मिनिट होतं. दीड मिनिटात खोटं रचता येत नाही, खरं मात्र सांगून होतं. नोकरी गेली, तीन महिने झाले, लाज वाटली, एवढंच होतं ते.

आई म्हणाली, "पयला बहार गयतेच लेका. म्हणून येल उपटून फेकते का कोणी? टायमावर जेवतं ना?"

मी 'हो' म्हणतोय तोच खांद्यावरून हात आला. अशा वेळीसुद्धा! "तीन मिनिटं झाली. मी काही ऐकलं नाही. उपमा केलाय, बसा."

दोनांतला एक भोपळा घुशीनं खाल्ला. दुसरा दसऱ्याच्या सुमारास भगवा झाला आणि मलाही हिंजवडीत नोकरी लागली. पहिल्या पगारात मोबाईल घेतला. आई आता थेट माझ्याशी बोलू लागली, तीन मिनिटांच्या वरही. पी. पी.वरचा शेवटचा माणूस उठला.

एका रविवारी मावशींनी मला सुरी दिली. "भोपळ्यावर पहिला घाव पुरुषानं घालायचा म्हणतात. मी मानत नाही. पण सुरी चालेना." मी फोडला आणि फोडी घेऊन पहिल्या मजल्यावरच्या देशमुख काकूंकडे गेलो.

"यंदा एवढाच?" काकू म्हणाल्या. "दर वर्षी सात-आठ तरी निघतात की हो त्यांचे! पहाटे उठून एकट्या फुलं टेकवत बसतात. वेलातलं त्यांच्याइतकं इथे कुणाला कळत नाही."

मी ताट तिथेच ठेवलं आणि खाली आलो.

"मावशी, तुम्हाला सगळं येत होतं! शेंडा, फुलं, सगळं! युरियानं वेल माजतो हे माहीत असून तुम्ही मला तो घालू दिलात? आणि रोज साडेसहाला उठवलंत?"

मावशी मटार सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग काय, तुमच्या आईला दर रविवारी 'नो रिप्लाय' देत बसायचं होतं मी?"

तेवढ्यात फोन वाजला. सवयीनं मी उठलो.

"बसा. तुमचा नाही," मावशी म्हणाल्या. पदराला हात पुसले, केस सारखे केले आणि रिसीव्हर उचलला. "हं, बोला वाशीम. गुडघा काय म्हणतोय? ... फोडला की. सात नंबरांनीच. वाकडातिकडा फोडला मेला." आणि त्या हसल्या. मी त्यांना हसताना ऐकलं नव्हतं.

मी बाहेर येऊन पायरीवर बसलो. वेल वाळायला लागला होता. आत एरंडेल झालं, कोहळ्याच्या घाऱ्या झाल्या, मग माझं लग्न निघालं. आमच्या जातीत मुली कशा असतात इथपर्यंत चौकशी गेली. मी खिडकीतून घड्याळ बघितलं. अकरा मिनिटं होऊन गेली होती.

शेवटी न राहवून मी ओरडलो, "मावशी, तीन मिनिटं झाली!"

मावशींनी रिसीव्हरवर तळवा ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मी काही ऐकलं नाही."

मग पाठ फिरवून खुर्ची जवळ ओढली आणि नीट टेकून बसल्या.