रायफलने मोडलेला खांदा

"रायफल माणूस ओळखते. समोरचा कच्चा आहे हे कळलं, की तिने त्याच्या खांद्यात दणका घातलाच म्हणून समज," असं लवू परब गेली पंचवीस वर्षं सांगत आला होता, आणि सांगताना आपला उजवा खांदा हळूच चोळत आला होता.

या खांद्याला घरात फार मान होता. घाटकोपरच्या त्यांच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि परबांचं घर चौथ्या मजल्यावर. तरुणपणी होमगार्डच्या शिबिरात रानगवा आडवा करणारी मोठी रायफल चालवताना तिच्या धक्क्याने हा खांदा कायमचा गेला, ही हकिगत लवूने लग्नानंतर आठवडाभरात प्रेमाला सांगून टाकली होती. तेव्हापासून खाली ठेवून गेलेला सिलिंडर, तांदळाचं पोतं, गावाहून आणलेले नारळ, सगळं प्रेमाच वर चढवत होती. मागून लवू. त्याच्या हातात छत्री.

खरं सांगायचं तर त्या शिबिरात लवूने आमटी ढवळली होती. गोळीबाराचा सराव सुरू झाला की तो कानात बोटं घालून कांद्याच्या पोत्यामागे बसायचा. ही गोष्ट जगात एकट्या लवूला ठाऊक होती आणि ती तशीच राहावी अशी त्याची मनापासून इच्छा होती.

प्रेमाची तक्रार नव्हती. फक्त सासूचा पाटा-वरवंटा गावी पडवीत धूळ खात पडलाय, याची तिला हळहळ वाटायची. मिक्सरमधल्या वाटपाला चव नसते, हे तिचं ठाम मत. "पण एवढा मोठा दगड गावाहून एकटीने कसा आणू? यांच्या खांद्याचं तर असं," म्हणून ती गप्प बसायची. तेव्हा लवूला वाईट वाटायचं. मग तो खांदा जरा जास्त जोरात चोळायचा.

असं सगळं सुखात चाललेलं असताना पुतण्या सुशांत दारात उभा राहिला. तो शूटिंगला बंदुका पुरवणाऱ्या एका माणसाकडे कामाला होता.

"काका, गोराईला एक वेबसिरीज चाललीय. शिकाऱ्याची. हिरो एवढी मोठी रायफल उडवतो, पण हलतच नाही यार. झाडांना पाणी घालतोय असं वाटतं. आमच्या बंदुकीतून नुसता आवाज येतो, झटका बसत नाही. तो ॲक्टिंगने दाखवावा लागतो. डायरेक्टर मॅडम म्हणाल्या, खरा झटका खाल्लेला माणूस आणा. मी म्हटलं, घरचाच आहे."

"माझा खांदा बाबा..." लवू म्हणाला.

"खांदाच तर पाहिजे, काका."

"जा हो," प्रेमा आतून म्हणाली. "एवढं सोसलंत, त्याचा कुणाला तरी उपयोग होऊ दे. मी पण येते."

पुढचे दोन दिवस लवूने मोबाइलवर रायफलीचे मिळतील तेवढे व्हिडिओ पाहिले आणि छत्री खांद्याला लावून आरशासमोर सराव केला. प्रेमाने भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट. डावा पाय पुढे. वजन पुढच्या पायावर. आणि मुख्य म्हणजे, धक्का बसायच्या आधीच अंग चोरायचं नाही.

गोराईला बोटीतून उतरून ते पोचले, तर शूटिंग तिथल्याच एका मार्सेलिनाबाईंच्या घरामागच्या वाडीत लागलेलं. विहिरीजवळ फायबरचा रानगवा उभा होता. आत लोखंडी सांगाडा. चार माणसांनी तो उचलून आणला होता म्हणे. विहिरीच्या कडेला एक काळाभोर पाटा पडला होता, वरवंट्यासकट. प्रेमा सरळ जाऊन त्याच्याजवळ बसली आणि त्यावरून हात फिरवू लागली.

"ने ना गो बाय," मार्सेलिनाबाई म्हणाल्या. "मना तं मिक्सर हाय. पोरं ठेचकाळतात यावर."

"नेला असता हो. पण आमच्या ह्यांचा खांदा," प्रेमा म्हणाली आणि तिने पंचवीस वर्षांची हकिगत पहिल्यापासून सांगायला घेतली.

इकडे लवूने झकास सुरुवात केली होती. हिरो अनय चोवीस वर्षांचा, दंड मांडीएवढे. लवूने त्याचा पाय पुढे सरकवला, कोपर वर उचललं, दस्ता खोबणीत बसवला. डायरेक्टर शर्मिष्ठामॅडम मान डोलवत होत्या. लवूला स्वतःलाच वाटायला लागलं, की त्या शिबिरात आपण नक्की काहीतरी उडवलं असणार.

"सर, एकदा तुम्हीच करून दाखवा ना," मॅडम म्हणाल्या.

लवूने खांदा चोळून पाहिला. पण सगळी वाडी बघत होती आणि प्रेमाही. सुशांतने रायफल आणून हातात दिली. तालमीला ती रिकामीच द्यायची, हा त्या धंद्यातला साधा नियम. तिथे तो सगळ्यांना ठाऊक होता, म्हणून लवूला कुणी सांगितला नाही. शूटिंगची बंदूक झटका देत नाही, हे त्याला सुशांतने सांगितलं होतं, पण भीतीपुढे ते कुठलं आठवायला?

त्याने दस्ता लावला. पाय पुढे घेतला. डोळे गच्च मिटले, कुलदैवताला नारळ बोलला आणि चाप ओढला.

टिक.

पण टिक व्हायच्या आधीच लवू निघाला होता. दोन्ही पाय हवेत, रायफल एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि तो पाठीमागे जाऊन थेट रानगव्याच्या पुढच्या पायांवर आदळला. गवा डुलला. एकदा इकडे, एकदा तिकडे, आणि मग विहिरीच्या बाजूला, जिथे प्रेमा पाटा कुरवाळत बसली होती.

लवूने ते पाहिलं. पुढे त्याने काहीच विचार केला नाही. तो उठला, झेपावला आणि अख्खा गवा उजव्या खांद्यावर झेलून उभा राहिला. दस्त्यासारखा घट्ट, डावा पाय पुढे, वजन पुढच्या पायावर. चार माणसं धावत येईपर्यंत तो तसूभर हलला नाही.

"प्रेमा, लागलं नाही ना तुला?" एवढंच त्याने विचारलं.

"नाही," प्रेमा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. हा माणूस आपल्यासाठी गव्याखाली उभा राहिला. मग तिने डोळे पुसले आणि कोणत्या खांद्यावर उभा राहिला, तेही नीट पाहून घेतलं.

शर्मिष्ठामॅडम टाळ्या वाजवत आल्या. "अनय, बघितलंस? असाच झटका पाहिजे मला!" युनिटचा जो तो येऊन लवूच्या उजव्या खांद्यावर थाप मारून जात होता. "काय खांदा आहे, काका!"

प्रेमाने पदर खोचला.

"मार्सेलिनाबाई, पाटा नेते हं मी," ती म्हणाली. "वरवंटा मी घेते. पाटा हे घेतील."

पाटा बोटीत चढला, रिक्षात बसला आणि संध्याकाळी घाटकोपरच्या जिन्याशी आला. दुसऱ्या मजल्यावर लवूचे गुडघे वाकू लागले. तो कण्हला.

"दस्ता घट्ट," मागून प्रेमा म्हणाली. तिच्या हातात वरवंटा आणि छत्री. "डावा पाय पुढे. अंग चोरायचं नाही."

दुसऱ्या दिवशी लवूचा उजवा खांदा सुजून टम्म झाला. आयुष्यात पहिल्यांदाच तो खरोखर दुखत होता.

"गो, शप्पथ, खरंच दुखतोय," तो म्हणाला.

"माहीत आहे मला," प्रेमा म्हणाली. तिने तेल कोमट केलं आणि जवळ बसून इतक्या मायेने खांदा चोळून दिला, की लवूला वाटलं, झालं गेलं सगळं माफ झालं. सोलकढी आणि पाट्यावरच्या वाटपाचं माशाचं कालवण पुढ्यात आलं. त्याची चव खरंच वेगळी होती. लवूने तसं सांगितलंही.

इतक्यात खालून हाक आली. सिलिंडर आला होता.

लवूने सवयीने उजव्या खांद्याकडे हात नेला आणि केविलवाण्या नजरेने बायकोकडे पाहिलं.

"आराम द्या त्याला," प्रेमा म्हणाली आणि त्याच्या हातात जिन्याच्या खालच्या दाराची किल्ली ठेवली. "डावा कुठल्या शिबिरात मोडलाय?"