तोमाशचे वडील गेले

मराठी म्हणजे आपल्या हातचा मळ, असं तोमाश छातीठोकपणे सांगायचा! आणि सांगायचा तेही मराठीतच, त्यामुळे समोरच्याला ते लगेच खोडून काढता यायचं नाही.

गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. पोलंडमधल्या वॉर्सा शहरातून हा सहा फुटी, पिवळ्याधमक केसांचा पोरगा वर्षभरासाठी नाशिकला शिकायला आला. विषय, गंगेवरचे, म्हणजे नाशिककरांच्या गोदावरीवरचे, धार्मिक विधी. तिकडं तीन वर्षं त्यानं मराठीची घोकंपट्टी केली होती. शिकवणारे प्राध्यापक स्वतः भारतात एकदाच, तेही पंधरा दिवस येऊन गेलेले. पण व्याकरण पक्कं! तोमाशला विंचू चावला असता, तरी तो "मला वृश्चिकाने दंश केलेला आहे" असं कर्ता-कर्म-क्रियापद जुळवूनच ओरडला असता.

तो राहायचा मखमलाबादला, खंडेराव आणि नवसाबाईंच्या मळ्यातल्या खोलीत. त्यांची झेंडू-गुलाबाची शेती. खंडेराव दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलत. बाकीची नवसाबाई बोलत. तोमाश त्या दोघांना बाबा आणि मावशी म्हणायचा.

सगळं झकास होतं, पण दोन गोष्टी त्याला सलत होत्या. एक म्हणजे, तीन महिने झाले तरी रामकुंडावर कुणी त्याला विधीच्या जवळ बसू देत नव्हतं. "लांबून बघा, लांबून!" असं म्हणून गुरुजी त्याला पायऱ्यांवर पिटाळायचे. त्यामुळे कुठला विधी कशासाठी, हे त्याला अजून धड कळलेलं नव्हतं. दुसरी गोष्ट घरची. निघताना वडील म्हणाले होते, "ज्या भाषेत आपल्याला कुत्रं ओळखत नाही, ती शिकून करणार काय?" झालं! बापलेकांचं बोलणं बंद. तोमाश बूथवरून आईला फोन करायचा आणि वडिलांची खबरबात तिच्याकडूनच घ्यायचा.

त्या मंगळवारी सकाळी तो असाच फोन करून आला. नवसाबाई अंगणात फुलं निवडत होत्या.

"बोलनं झालं का रं घरी?"

"हो मावशी. आईशी बोललो. वडील गेले."

नवसाबाईंच्या हातातली पाटी खाली! झेंडू अंगणभर!

"अगं बाई! कव्हा?"

"मागच्या सोमवारी."

"आन् तुला आज सांगत्यात? आजारी व्हते का?"

"छे! प्रकृती उत्तम. बरीच वर्षं जायचं म्हणत होते. या वर्षी गेले."

"मंग कशानं रं गेले?"

"रेल्वेने."

"रेल्वेनं!" नवसाबाईंनी पदर तोंडाला लावला. "देवा! आन् तुझी आई?"

"ती एकटीच आहे. पण म्हणाली, घरात आता शांतता आहे."

हे ऐकून तर नवसाबाईंनी हंबरडाच फोडला. तोमाश भांबावला. कुणाचे तरी वडील गावाला गेले म्हणून इतकं रडणारी माणसं! केवढी ही माया! त्यालाही गहिवरून आलं.

"रडू नका मावशी. दोन महिन्यांनी परत येतील!"

नवसाबाईंनी त्याला पोटाशी धरलं. त्यांची खात्रीच पटली, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला!

त्या तशाच मळ्यात धावल्या. खंडेरावांनी खुरपं खाली ठेवलं, सगळं ऐकून घेतलं आणि बोटं मोजली.

"मागचा सोमवार. म्हंजे उद्या दहावा." त्यांनी हातावरची माती झटकली. "तिकडं कोन करनार? लेक तर हितं हाय."

संध्याकाळी खंडेराव खोलीच्या दारात येऊन उभे राहिले.

"उद्या गंगेवर जायचं. तुझ्या वडलांसाठी विधी करू. गुरुजींशी बोललोय मी. तू सोता बसायचं."

तोमाशला आनंद कुठं ठेवू असं झालं! तीन महिने ज्याच्यासाठी पायऱ्या झिजवल्या, ते आपणहून दारात! वडील प्रवासाला निघाले की त्यांच्या सुखरूपतेसाठी इथं काहीतरी पूजा करत असणार, असं त्यानं धरून घेतलं. "बाबा, मी अत्यंत आनंदित आहे!" तो म्हणाला. खंडेरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

बुधवारी सकाळी रामकुंडावर ही गर्दी! पितृपक्ष सुरू होता. न्हाव्यानं तोमाशला समोर बसवलं आणि वस्तरा परजला.

"हे कशासाठी, बाबा?"

"करावं लागतं. वडलांसाठी."

अभ्यासासाठी एवढा त्याग करायलाच हवा, असं तोमाशनं मनाला बजावलं. पाच मिनिटांत डोक्याचं सोललेलं अंडं झालं. नाशिकच्या उन्हात ते असं चमकायला लागलं, की पलीकडच्या काठावरची माणसं डोळ्यांवर हात धरून बघायला लागली!

"वडिलांचं नाव?" गुरुजींनी विचारलं.

"हेन्रिक."

"गोत्र?"

"लुब्लिन जिल्हा."

"काश्यप लावू," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी मंत्रांची एक्स्प्रेस सोडली. मधल्या स्टेशनांवर ती थांबतच नव्हती! शेजारच्या चार गुरुजींच्या चार गाड्याही सुटलेल्या. त्या गलबल्यात तोमाशला 'हेन्रिक' तेवढं कळायचं. ते आलं की तो खूश होऊन मान डोलवायचा. आपल्या तुसड्या बापाचं नाव गोदाकाठी असं गाजताना ऐकून त्याला मजाच वाटत होती.

मग पिंड मांडला. सगळे मागं सरकून कावळ्याची वाट बघायला लागले.

कावळा काही शिवेना! पितृपक्षातले रामकुंडावरचे कावळे म्हणजे धोंड्याच्या महिन्यातले जावई. नुसते मान तिरकी करून बघायचे आणि उडून जायचे. पाव तास गेला, अर्धा तास गेला.

"काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी हळूच म्हणाले.

तेव्हा खंडेराव पुढं झाले. टोपी काढून त्यांनी हात जोडले.

"हेन्रिकराव, आपली वळख नाय. पन तुमच्या पोराची काळजी करू नका. त्याचं शिक्षान पुरं होईस्तोवर तो माझ्या घरात ऱ्हाईल. त्याला उपाशी ठेवनार नाय, परका धरनार नाय. माझ्या पोटच्यावानी सांभाळीन. तुम्ही आता निवांत जा."

खंडेरावांचा दिवसभराचा कोटा एका दमात संपला! शब्द साधे होते. एकूण एक तोमाशला कळले. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आतून आणि बाहेरूनही!

"बाबा!" तो ताडकन उठला. "माझे वडील मृत नाहीत!"

"पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं," गुरुजी समजुतीच्या सुरात म्हणाले.

"नाही, नाही! ते सफरचंदं तोडायला गेले!"

"कुठं गेले?"

"आत्याच्या गावाला! तिची बाग आहे! रेल्वेने गेले!"

खंडेरावांनी टोपी परत डोक्यावर ठेवली. "मंग घरी 'गेले' असं काऊन म्हनलास?"

"गेले! 'जाणे' या धातूचा भूतकाळ, आदरार्थी बहुवचन!"

"व्याकरण बरोबर आहे," गुरुजींना कबूल करावंच लागलं.

आता सगळे हसणार, तेवढ्यात वरून एक कावळा झेपावला आणि त्यानं पिंडावर खणखणीत चोच मारली!

हसू जागच्या जागी गोठलं. तोमाशचं तोंड टकलापेक्षा पांढरं पडलं. वडील सदुसष्ट वर्षांचे. जुनी लाकडी शिडी. उंच झाडं. आणि तीन महिने आपण त्या माणसाशी एक शब्द बोललो नाही! क्षणात सगळं शिक्षण गळून पडलं आणि तो बिनक्रियापदाचा ओरडला, "बाबा, फोन!"

पिवळ्या बूथवरच्या रांगेनं ओलं धोतर, तुळतुळीत डोकं आणि रडवेला गोरा चेहरा बघून आपणहून वाट दिली. आत्याच्या घरची घंटा वाजत होती. वाजतच होती. शेवटी आत्यानं फोन उचलला. तोमाश पोलिशमध्ये दोन वाक्यं बोलला.

"काय म्हनती?" खंडेरावांनी विचारलं.

"म्हणते, वर आहेत."

खंडेरावांनी डोळे मिटले.

"झाडावर, बाबा! झाडावर! हाका मारते आहे!"

मग पलीकडून एक खरखरीत आवाज आला. सकाळी आठ वाजता झाडावरून उतरवल्याबद्दल तो आवाज चांगलाच चिडला होता. तोमाश मात्र नुसता ऐकत राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "काही नाही," तो एवढंच म्हणाला, "तुमचा आवाज ऐकावासा वाटला." मग म्हाताऱ्यानं विचारलं, "जेवतोस ना नीट?"

खंडेरावांनी रिसीव्हर हातात घेतला. "रामराम! जपून चढत जा!" तिकडून पोलिशमध्ये काहीतरी लांबलचक आलं. खंडेरावांनी ते सगळं ऐकून घेतलं, दोनदा "व्हय, व्हय" म्हटलं आणि फोन ठेवून दिला.

दोघं मखमलाबादला पोहोचले, तर अंगणात पन्नासेक माणसं! आळीतल्या बायकांनी भाकरी-पिठलं करून आणलेलं. ते टक्कल फाटकातून आत आलं मात्र, सगळ्यांनी एकदम गळा काढला.

"थांबा, थांबा!" खंडेराव ओरडले. "जिता हाय त्याचा बाप!"

रडणं कचकन ब्रेक लागल्यासारखं थांबलं. नवसाबाईंनी आधी देवाला हात जोडले, मग तोमाशच्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग पुन्हा रडून घेतलं. कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. फक्त नवसाबाईंच्या थोरल्या बहिणीला, चिमणाबाईंना, हे काही पटेना. बातमी ऐकून त्या कांद्याचं रोप उपटायचं टाकून चांदवडहून दोन एसट्या बदलत आल्या होत्या. त्यांनी तोमाशला समोर बसवून सगळी हकिकत पुन्हा पहिल्यापासून ऐकली.

"म्हंजे तुझा बाप जिता हाय."

"होय, आजी."

"आन् या वयात एकला झाडावर चढतोय."

"होय."

"अरं मंग," चिमणाबाई कडाडल्या, "म्हातारा तिकडं शिडीवर, आन् तू धडधाकट पोरगा हितं डोकं भादरून काय करतूस? बापाला हातभार लावाया जायचं सोडून?"

पन्नास माणसं उत्तराची वाट बघत होती.

तोमाशनं मराठी आठवली, संस्कृत आठवलं, मनातल्या मनात पोलिशमध्येही शोधून पाहिलं. मग ताट पुढं सरकवून तो खालमानेनं म्हणाला, "मावशी, थोडं पिठलं वाढता का?"