पायाळू आत्तीची लाथ

पाटलापासून कुंभारापर्यंत साऱ्या रहिमतपुरानं आमच्या ताराआत्तीच्या लाथा खाल्ल्या होत्या. त्याही आपल्या पायानं तिच्या दारात येऊन.

आत्ती पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. अशा माणसानं कमरेत लाथ घातली की भरलेली उसण उतरते, असा आमच्याकडचा समज. उसाची मोळी उचलताना, विहिरीचं पाणी शेंदताना, नुसतं शिंकतानासुद्धा कुणाची कंबर धरली, की तो कण्हत आमच्या अंगणात हजर.

"वाक," आत्ती म्हणायची. "आनी वाक. वझं उचलताना गुडघं मोडायला काय झालं हुतं? देवानं ते काय शोभंला दिल्यात?" आणि धाडकन लाथ! वर निर्गुडीच्या पाल्याचा शेक घ्यायला सांगायची. लाथ फुकट, शिव्याही फुकट.

मी साताऱ्याच्या कचेरीत कारकून. टाकापेक्षा जड काही उचललेलं माझ्या कमरेला आठवत नाही. तरी सुट्टीत आलो की लाथ ठरलेली. "तुजी बसून बसून धरलीया," आत्ती म्हणायची, "तुला दोन."

पण पायाळू माणसावर वीज पडते, हाही आमच्याकडचाच समज. आभाळ गडगडलं की तिच्या शेजारची जागा रिकामी व्हायची.

नवरा पहिल्या जर्मन लढाईत गेला, तेव्हापासून ती धाकट्या भावाकडं, माझ्या चुलत्याकडं, आबांकडं राहिली. आबांची बायको वारल्यावर त्यांची चंपी हिनंच वाढवली. दुसऱ्या लढाईच्या दिवसांत चंपीचं लग्न ठरलं. "मी म्होरं न्हाई येत," आत्ती ज्याला त्याला सांगायची, "खांबाआड हुबी ऱ्हाते. पर पोरीवर अक्षता पडताना बघनार."

वैशाखातला गोरजमुहूर्त. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आभाळ कडाडलं. वऱ्हाडी कुजबुजले. आबा खांबाआड गेले.

"आक्का, जरा गोठ्यात बस. मान्सांच्या जिवाचा सवाल हाय."

"आनी बैलांच्या?" आत्ती म्हणाली. आणि गेली.

वीज कुठंच पडली नाही. पाऊस ओसरताच वऱ्हाड सांगलीची गाडी गाठायला चंपीला घेऊन धावलं. आत्तीला हाक मारायचं कुणाला सुचलं नाही. मी तेव्हा व्याह्यांना विडे देत होतो, अत्यंत जबाबदारीनं.

मांडव रिकामा झाला. आमटीचा हंडा उचलताना आबांची कंबर अशी धरली की माणूस कोयत्यासारखा वाकडा झाला. भिंत धरत ते गोठ्याकडं निघाले. मागोमाग आम्ही. आजची लाथ साताऱ्यापर्यंत ऐकू जाणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती.

आत्ती बैलांच्या मधे बसली होती. आबा तिच्यापुढं वाकले. ती उठली. शिवी नाही, काही नाही. तिनं पाय उचलला, त्यांच्या कमरेवर अलगद टेकवला आणि तिथंच ठेवला.

"आबा," तिनं हळूच विचारलं, "अक्षता पडताना चंपीनं कुनाला हुडकलं का रं?"

आबांना ठाऊक नव्हतं. ते सारा वेळ आभाळाकडं बघत होते.

आत्तीनं पाय खाली घेतला. आबा वाकलेलेच राहिले.